बायकोच्या माहेरचा ठिपका

रेल्वेच्या नियोजन कचेरीत नकाशे काढणारे पेन्सिलराव कायम तीस वर्षं पुढे जगायचे. घरचं छप्पर गळत असायचं आणि हे मात्र न बांधलेल्या स्टेशनांची छपरं रंगवत बसायचे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायको रुसली. "तुमची रेल्वे देशभर हुंदडते, फक्त माझ्या माहेरी जात नाही!" दुसऱ्या दिवशी त्यांनी तीस वर्षांच्या आराखड्यात तिच्या गावावर हळूच ठिपका टेकवला आणि नकाशाची प्रत घरी आणून दाखवली. बायको खुदकन हसली. ठिपका खोडायचा मात्र राहून गेला.

पुढे सहा साहेब बदलले. आधीच्यानं दिलाय म्हणजे विचार करूनच दिला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. तिसऱ्यानं त्या ठिपक्याचं स्टेशन केलं, पाचव्यानं जंक्शन.

आज, पेन्सिलरावांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले असताना, सहाव्यानं मंजूर नकाशा टेबलावर पसरला. ठिपका तळहाताएवढा फुगला होता. मालगाड्यांचं यार्ड, अकरा रूळ आणि खाली बारीक अक्षरात 'गाव हलवणे'.

"नोटिसा कालच गेल्या," साहेब खुशीत म्हणाले.

पेन्सिलरावांनी झटकन खोडरबर उचलला. तो हातातच राहिला. छापील नकाशावर तो काय चालणार, डोंबल?

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, घर खाली करायला सांगितलंय. तुम्ही त्याच ऑफिसात ना? कुठल्या गाढवाचा हा उद्योग, तेवढं शोधा. ताईला म्हटलंय मी, दाजी त्याला सोडणार नाहीत."