बाबांना सांग

आमच्या घरात भांडण होत नाही, अबोला होतो. मी आरडाओरडा करत नाही, भांडी आपटत नाही, याचा मला कोण अभिमान! जेवायला वेळेवर वाढते, फक्त नवऱ्याशी बोलत नाही. निरोप लेक पोचवते. "बाबांना सांग, वाढलंय." बाबा दोनच हातांच्या अंतरावर उभे. "आईला सांग, आलोच."

त्या खेपेला कारण घडलं येवल्याचं. भाचीच्या लग्नासाठी पैठणी आणायला सकाळी निघायचं ठरलं होतं आणि साहेब मित्रांबरोबर मिसळ हाणून दुपारी उगवले. अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या लेकीच्या बोटाला रक्त दिसलं. नखं खाता खाता ती कातडीपर्यंत पोचली होती.

मी पडले शिक्षिका. लगेच तास घेतला. दोन ताटल्या मांडल्या, कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. राग आला, भीती वाटली की आपल्या घरातली माणसं काय करतात ते लिहायचं. ज्यानं बरं वाटतं आणि कुणाला त्रास होत नाही, ते स्टीलच्या ताटलीत. तेवढ्यापुरतं बरं वाटून नंतर दुखतं, ते प्लॅस्टिकच्या. चित्रं काढणं, आजीला फोन करणं स्टीलमध्ये गेलं. बाबांचं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणं तिनं प्लॅस्टिकमध्ये टाकलं, तेव्हा मी मनातून खूश. नखं खाणंही तिनं मुकाट्यानं तिथंच टाकलं. तास छान झाला, असं मला वाटलं.

मग तिनं आणखी एक चिठ्ठी लिहिली. "आईचं न बोलणं." तीही प्लॅस्टिकमध्येच.

"अगं, ओरडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं ना?" मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. "त्यानं कुणाला दुखतं का?"

तिनं बोटं मुठीत लपवली. "मी निरोप नीट सांगितला नाही तर तुम्ही आणखी चिडाल, असं वाटतं मला. मग मी नखं खाते."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे वळले. "अहो, मला तुमचा राग आलाय." तीन दिवसांनी आवाज जरा घोगराच निघाला.

"मग तसं सांगायचं ना!" तो उसळला. "चुकलंच माझं, पण तीन दिवस?"

आम्ही चांगले कडाकडा भांडलो. लेक आधी बावरून दोघांकडे बघत राहिली. आपल्याला कुणी काही सांगायला पाठवत नाही, हे कळल्यावर तिनं चपला घातल्या आणि खाली खेळायला निघून गेली.