वर्गासमोर माय

“तुझ्या अंगात येतं ना? आण की मग. मुलांना बघू दे.”

सर माझ्या मायला म्हणाले. भरल्या वर्गात. माय फळ्यासमोरच्या खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर म्हणजे खुर्चीच्या काठावर, आता पडेल की काय अशी. समोरच्या बाकांवर पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी, वह्या उघडून. मी दारात.

मायला कळलंच नाही. तिनं विचारलं, “कोन येते अंगात?”

पोरं हसली.

“देवी गं. तुमच्यात येते ना.”

“आमच्या घरी देव नाई जी,” माय म्हणाली. “पान्यात टाकले.”

आता मात्र सगळा वर्ग खदखदला. मागच्या एकानं तर बाकावर हात आपटला. सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि फळ्याकडे वळत म्हणाले, “पाहा. पेशंट नाकारते आहे. हेही लक्षणच.” पोरांनी ते लिहून घेतलं.

माय खोटं बोलली नव्हती. आमच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ती नवी नवरी होती. सासऱ्यानं घरातले देव टोपलीत भरले आणि टोपली उचलायला लावली ती हिला. जाम नदीत ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि टोपली उपडी केली. भीती वाटली होती का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “टोपली हलकी झाली व, एवढंच ध्यानात हाय.” त्या बाईच्या अंगात देवी आणायला निघाले होते हे. शिकलेले लोक.

आम्ही सौसरजवळच्या बोरगावचे. बाबा सौसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. माय संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला, नाहीतर कापूस वेचायला. मी तेव्हा सौसरला अकरावीत होते. ऐंशीनंतरचा काळ. घरांवर टीव्हीचे अँटेने नुकते दिसू लागले होते, आमच्या वस्तीत नव्हे. माझा धाकटा भाऊ मिलिंद तिसरीत होता. तापानं फणफणला आणि पाहता पाहता गेला.

त्यानंतर माय शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहायची. रोज. वावरातलं काम अर्धं टाकून. पोरं निघून जायची, मास्तर कुलूप लावायचे, तरी ही उभीच. घरी चल म्हटलं तर म्हणायची, “येऊन राहिला. दप्तर भरून राहिला थो.”

तिची झोप गेली. जेवण गेलं. ज्यांच्या बगीच्यात ती कामाला जायची त्या पाटलीणबाई म्हणाल्या, “बाहेरचं लागलंय तिला. देवळात नेऊन बसवा, उतरेल.” बाबांनी पाटलीणबाईंना उभ्या जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. “दवाखाना करू बाई. तिचा जीव दुखून राहिला. भूत नाई लागलं तिले.” बाबांचा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

पांढुर्ण्याला एका मेडिकल कॉलेजानं शिकाऊ दवाखाना उघडला होता. दर बुधवारी, एका शाळेच्या रिकाम्या खोल्यांत. सकाळच्या गाडीनं मोठे डॉक्टर, म्हणजे हे सर, आणि त्यांचे विद्यार्थी यायचे. फी नावापुरती. गोरगरिबाला मनाचा डॉक्टर मिळतो, हीच तेव्हा केवढी अप्रूपाची गोष्ट. लोक त्याला डोक्याचा दवाखाना म्हणायचे आणि तोंड लपवून जायचे. आम्ही तोंड न लपवता गेलो.

आणि खरं सांगते, गुण आला. पहिल्या खेपेला एक शिकाऊ डॉक्टरीण मायशी बसून बोलली. गोळ्या मिळाल्या. माय झोपायला लागली. एका सकाळी भाकरी थापताना ती माझ्यावर ओरडली, “पीठ दे ना व, बघत काय राहिली!” तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले, इतकं बरं वाटलं. फाटकाशी जाणं सुटलं नव्हतं, पण पोरं पांगली की ती आपणहून परतायची. मला तो दवाखाना हवा होता. हे नीट समजून घ्या. मला तो फार हवा होता.

त्या बुधवारी आमच्या आधी पांढुर्ण्याच्या एका कापड दुकानदाराची सून आली होती. सर स्वतः उठले. “या, आपण आत बसा.” कोपऱ्यात एक लहान खोली होती. एक विद्यार्थिनी मागोमाग आत जायला निघाली तर सरांनी तिला बाहेरच थांबवलं. दार लागलं, आणि बराच वेळ बंद राहिलं. तिचं काय दुखत होतं ते तिला आणि डॉक्टरला माहीत. तसंच असायला हवं. त्या बाईवर माझा काही राग नाही.

मग मायचा नंबर आला आणि सर म्हणाले, “हिला वर्गात घ्या.”

तर माय त्या खुर्चीवर, आणि पोरं लिहून घेत होती. सरांनी एका पोराला खूण केली. “केस सोड तिचे. केस सुटले की येतं यांच्या अंगात.” पोरगा उठला. त्यानं मायच्या अंबाड्याला हात घातला. मायनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. ओरडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. नुसती आक्रसून बसली.

मी आत कशी गेले ते आठवत नाही. “हात काढ,” एवढंच म्हणाले. त्यानं काढला.

“तू कोण?” सरांनी विचारलं.

“लेक.”

“शिकतेस ना? मग समजव आईला. इतक्या स्वस्तात औषध मिळतं ते या मुलांच्या शिक्षणामुळे. थोडं सहकार्य करावं लागतं.”

शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. “मघा त्या बाईले तुमी दार लावून इचारलं. माह्या मायले बी दार लावून इचारा.”

“ते घर वेगळं आहे.”

आवाज चढवून नाही, चिडून नाही. गाडी किती वाजता येते ते सांगावं तसं सांगितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधली. नव्हती. मी मायला उठवलं. मागून आवाज आला, “मान्य नसेल तर पुढच्या वेळेपासून येऊ नका.”

बस स्टँडवर माय अंबाडा पुन्हा बांधत बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “गोया भेटन का आता?”

मी पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “बरोबर केलं तू पोरी,” म्हणाले. मग मायकडे बघत, “पन तिचं कसं व आता?” दोन्ही खरं होतं. उरलेल्या गोळ्या संपल्या. सौसरचा औषधवाला चिठ्ठीशिवाय देईना. मायची झोप पुन्हा गेली. पुन्हा फाटक. आता शाळेतली पोरं तिला चिडवायला शिकली होती. “मिलिंद आला, मिलिंद आला,” असं मागून ओरडायची. माय वळून बघायची. दर वेळी बघायची.

वस्तीतल्या बायका म्हणाल्या, घडीभर सोसलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? मायचं गेलं असतं. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते. औषध घ्यायचं तर अब्रू दाराबाहेर ठेवून या, असं कुणी ठरवलं? त्या सुनेला दोन्ही मिळालं होतं, आणि फी तिची आमची सारखीच होती.

मी मायला पुन्हा घेऊन गेले. माफी मागायला नाही. व्हरांड्यात बसलो. दुपार कलली तरी कुणी नाव पुकारलं नाही. मग सर दारात आले. “आलात? बरं झालं. चला वर्गात.”

आणि माय उठली. मी काही म्हणायच्या आत उठली. सरांपुढे हात जोडून उभी राहिली. “आनतो जी मी देवी. कशी आनू सांगा. पन गोया द्या.”

देवळात बसवा म्हणणाऱ्यांना नाही म्हणून आम्ही तिला इथं आणलं होतं. डॉक्टरकडे. आणि डॉक्टरच्या दारात माझी माय देवी आणायला तयार झाली होती. वर्गात पोरं हसली तेव्हा मला राग आला होता. आता नुसतं दुःख झालं. इतकं दुःख मला मिलिंद गेला तेव्हाच झालं होतं.

सर म्हणाले, “बघ, आई समजूतदार आहे.”

त्यानंतर मला त्या माणसाची भीती वाटली नाही. कधीच नाही. मी मायचे जोडलेले हात सोडवले. तिला खाली बसवलं, वर्गाच्या दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागेल अशी. आणि म्हणाले, “माय देवी आननार नाई. आन आमी जानार बी नाई.”

ते आत गेले. वर्ग भरला, सुटला. गोळ्या मिळाल्या नाहीत. आम्ही शेवटच्या बसनं परत आलो. पुढच्या बुधवारी पुन्हा जाऊन बसलो. त्याच्या पुढच्याही. शिपाई म्हणायचा, जा ना बाई, उगाच काहून बसून राहिल्या. विद्यार्थी खाली मान घालून आम्हाला वळसा घालायचे.

माय पुढं बरी झाली का, असं मला लोक विचारतात. मी सांगत नाही. हो म्हटलं तर तुम्ही हुश्श कराल, नाही म्हटलं तर हळहळाल, आणि दोन्ही करून घरी जाल. त्यासाठी मी हे लिहिलेलं नाही.

मला त्यांची दया नको होती. मला ती कोपऱ्यातली खोली हवी होती. माय आत, दार बंद, आणि तिला ‘आपण बसा’ म्हणणारा डॉक्टर. ते मिळेपर्यंत एकही बुधवार मी त्यांना सुखानं काढू देणार नव्हते. दिला नाही.