ॲबर्डीनला जाणाऱ्या बाटल्या

चार डॉक्टर एकत्र बसले की किस्से निघतात ते पेशंटचे. इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या ग्रुपमध्ये मात्र शिरीषच्या गॅरेजमधले निघायचे. एक सांगून होतो ना होतो, तोच दुसरा आठवायचा.

शिरीष ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारा डॉक्टर, माझा कॉलेजपासूनचा मित्र. दोन हजार चार-पाचची गोष्ट. त्याच्या बायकोला, माधुरीला, ट्रेनिंगची पोस्ट मिळाली ती थेट वर स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला. हा इथे, ती तिथे. दोघांच्या रोटा, म्हणजे ड्यूटीची वेळापत्रकं, जुळल्या तर महिन्यातून एखादा वीकेंड. रिकाम्या घरात करमेना, म्हणून त्याने गॅरेजमध्ये बिअर करायला घेतली. स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, गॅस भरलेली, नळ उघडला की ग्लास तयार. पण केग काही ट्रेनने ॲबर्डीनला नेता येत नाही. तिच्यासाठी बाटल्या भरायला हव्यात.

*

पहिल्या दिवशी मी मदतीला होतो. त्याने नळाखाली बाटली धरली आणि नळ सोडला. बाटलीत फेस, जमिनीवर फेस, माझ्या बुटांवर फेस. तळाला बिअर चार बोटं.

मी म्हटलं, "अरे, तू तर रोज लोकांना गॅस देतोस."

"ते झोपतात रे. ही उठून बसते."

*

फेस बसला की वरून परत भर, असं करत त्याने सहा बाटल्या भरल्या आणि दिवसभर ट्रेनमध्ये मांडीवर बॅग धरून नेल्या. परत आला तो खुशीत. "माधुरी म्हणाली, एकदम मस्त झालीय."

*

बापटकाका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, निवृत्त जीपी. थेंबही घेत नसत, पण गप्पांसाठी गॅरेजमध्ये येऊन बसत. एकदा ते म्हणाले, "मी इथे नवा होतो तेव्हा आईने बोटीने डिंकाचे लाडू पाठवले. डबा उघडला तर सगळा भुगा. मी तो चमच्याने खाल्ला आणि पत्रात लिहिलं, लाडू छान वळले आहेस."

"मग? त्यांना कळलं नाही?" मी विचारलं.

"पुढच्या डब्यात तिने चमचा घालून पाठवला."

आम्ही हसलो. शिरीष हसला नाही. उठून बाहेर गेला आणि त्याने माधुरीला फोन लावला.

"खरं सांग. त्या बाटल्यांमध्ये गॅस उरला होता का?"

आत येऊन म्हणाला, "सरबत होतं म्हणे. सहाही बाटल्या संपवल्या तिने."

*

त्यानंतर तो इरेला पेटला. केग दोन दिवस फ्रिजमध्ये, बाटल्याही बर्फासारख्या गार. गॅस बंद करून केगमधला दाब जवळजवळ सगळा सोडून द्यायचा. नळाला लांब नळी लावून ती बाटलीच्या तळाला टेकवायची आणि अगदी सावकाश भरायचं. तोंडाशी थोडा फेस आला की त्यावरच झाकण दाबायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. एका बाटलीला पाच मिनिटं.

बापटकाका म्हणाले, "इतक्या हळू तर मी सलाइनही लावलं नाही."

*

तशा भरलेल्या बाटल्या तो एकदाच घेऊन जाऊ शकला. पुढे दोन महिने रोटा जुळल्याच नाहीत. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं गॅरेजमध्ये होतो. त्याचा फोन वाजला. हात ओले होते, म्हणून मीच तो त्याच्या कानाशी धरला. माधुरीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शेवटची बाटली उरलीय. उघडतेय."

"एकटीच?"

"तू आहेस ना लाइनवर."

झाकण निघाल्याचा आवाज आला.

"ग्लास तिरपा धर," तो म्हणाला. "फेस किती?"

"दोन बोटं. थांब, ग्लासजवळ फोन धरते. ऐक."

मी काहीतरी बोलणार होतो. त्याने हात वर करून मला थांबवलं. मग तो खाली वाकला आणि घरघरणाऱ्या फ्रिजचा स्विच बंद केला.