पोशीची गुडी

पूजा मी कधी चुकवली नाही. सोमवारचा उपवास, सकाळची लिंगपूजा, कपाळावर भस्म, सगळं वेळच्या वेळी. पण देव आपलं ऐकतो का, असं कुणी विचारलं असतं तर मी विषयच बदलला असता. मुलं नोकरीला बाहेर पडली, घर रिकामं झालं, तेव्हापासून माझी पूजा म्हणजे दूधवाल्याला भांडं देण्यासारखी झाली होती. हात करायचे, मन कुठंतरी भाजीत असायचं. अशा बाईवर कृपा व्हावी असं माझ्याकडे काहीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही हदगावला राहतो. आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान आहे. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही एक मूल सांभाळायला घ्यायचं ठरवलं. दत्तक नव्हे, आईवडील सापडत नाहीत किंवा दत्तकाचं काही ठरत नाही तोवर घरात वाढवायचं, असं. नांदेडच्या बालकल्याण समितीसमोर आमच्या चार चकरा झाल्या, तिथले लोक घर बघून गेले, आणि एका दिवाळीनंतर पाच वर्षांची एक पोर आमच्या स्वाधीन झाली. तिचं खरं नाव लिहीत नाही. आम्ही तिला पोशी म्हणतो. ‘पोसायला आलेली म्हणून पोशी का?’ असं शेजारच्या बायका चिडवायच्या, पण तिकडे तेलंगणाच्या शिवेवर देवीच्या नावावरून असं नाव ठेवतात.

तिची हकिगत कागदावर पाच ओळींची होती. बिलोलीकडच्या एका गावात देवळाच्या पायरीवर सापडली, तेव्हा तीन वर्षांची. आई ‘बस, येते’ म्हणून गेली ती आली नाही. कुठं गेली, तिचं काय झालं, आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. दोन वर्षं बालगृहात राहून पोशी मराठी झकास बोलायला लागली होती. जुन्या बोलीतले दोन-तीन शब्द तेवढे जिभेवर उरले होते. पाणी हवं असलं की ‘नीळ्ळू’ म्हणायची. आणि दुसरा शब्द होता ‘गुडी’.

आमचा थोडा शेतीचा तुकडा तामशाच्या रस्त्याला आहे. ह्यांच्या स्कूटरवर तिघं जायचो. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर ओढ्याकाठी महादेवाचं एक लहानसं पांढरं देऊळ आहे, दारात उंच कळक आणि त्याला भगवं फडकं. ते दिसलं की पोशी माझ्या कुशीतून हात बाहेर काढून ओरडायची, “काकू, गुडी! गुडी!” मला वाटायचं, कळकाला फडकं बांधलेलं बघून पोरीला गुढी आठवली. मी हसून म्हणायची, “अगं, पाडव्याला उभारू. तुझ्यासाठी मोठी उभारू.” तीन-चार महिने हेच चाललं. ती विचारायची, मी वायदा करायची. मला काकू म्हणायची, आई म्हणायचा आग्रह धरू नका असं समितीच्या ताईंनी बजावलं होतं. मी आग्रह केला नाही, पण वाट बघत होते, हे कबूल करते.

पाडवा आला. मी हौसेनं नवा खण काढला, तांब्या चिंचेनं घासला, कडुलिंबाचे डहाळे, साखरेची गाठी, सगळं केलं. पोशीला नवा फ्रॉक घातला, एक छोटी गाठी तिच्या गळ्यात घातली आणि अंगणात नेऊन म्हटलं, “ही बघ तुझी गुढी!” ती वर बघत राहिली. मग तिचा ओठ थरथरला. “ही न्हाई,” म्हणाली. “ही गुडी न्हाई. तू खोटं सांगितलीस.” गळ्यातली गाठी तोडून तिनं अंगणात फेकली. शेजारणी बघत होत्या. सणाच्या दिवशी देवाचा प्रसाद मातीत पडला, आणि माझं डोकं फिरलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. “एवढं केलं तरी तुझं समाधान न्हाई?” असं म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

जेवणाच्या गडबडीत तास-दीड तास गेला. पुरणाचं ताट घेऊन तिला समजवायला गेले तर ती खोलीत नव्हती. चपला दारात होत्या. अंगणाचं फाटक उघडं होतं.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. गल्ली, शाळा, किराणा दुकान, गावातली देवळं, विहिरी. प्रत्येक विहिरीत वाकून बघितलं. हे पोलीस ठाण्यात गेले, समितीच्या ताईंना फोन केला. त्या लगेच निघाल्या. कुणी म्हणालं उचलून नेली असेल, कुणी म्हणालं बसमध्ये बसवली असेल. कुणी तर माझ्या देखतच म्हणालं, “दुसऱ्याचं लेकरू, जोखीमच ती.” ते बोलणं मला सुईसारखं टोचलं, कारण धपाटा घालताना माझ्याही मनात कुठंतरी तेच होतं. स्वतःच्या मुलांना मी किती धपाटे घातले, त्यांना घर सोडून जावंसं वाटलं नाही. ही पोर एकदा आईची वाट बघून हरली होती, आणि दुसऱ्यांदा तिला मी हरवलं.

बसस्टँडवर प्रत्येक गाडीत चढून मोबाइलमधला तिचा फोटो दाखवत होते. ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. पोरगी अनवाणी आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी चौकशीच्या खिडकीशेजारी मी खालीच बसले. तेव्हा देवाला जे म्हणाले, ती प्रार्थना नव्हती. म्हणाले, “महादेवा, पोर माझ्याकडं राहू दे असं मी म्हणत न्हाई. तिला दुसऱ्या घरी दे, चांगल्या बाईला दे. फक्त ती सापडू दे.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्यासाठी काहीच न ठेवता काही मागितलं असेल.

शेजारी एक म्हातारे मण्यार चाचा बांगड्यांची पेटी घेऊन नांदेडच्या गाडीची वाट बघत बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “बहेन, रोओ नक्को. जाने के पहले बच्ची क्या बोली?” हा साधा प्रश्न दुपारभरात कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, “गुढी मागत होती. समोर उभारलेली होती, तरी ही नाही म्हणाली.” ते म्हणाले, “कहाँ की है बच्ची?” मी म्हटलं, “बिलोलीकडची.” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, मैं पच्चीस साल से उधर के बाजार कर रऊं. उधर तेलुगू में गुडी बोले तो मंदिर! बच्ची मंदिर मांगरी थी, मंदिर!”

त्या क्षणी मला आमची आजी आठवली. लातूरला माझ्या माहेरी आजी होती, निलंग्याकडची. रागात आणि प्रेमात ती कन्नड बोलायची, आणि आम्ही पोरी तोंडावर ओढणी धरून हसायचो. दर सोमवारी ती उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची, “गुडिगे होगोण!” देवळात जाऊ या. तोच शब्द. लहानपणी तो माझ्या कानात घातलेला होता. मी हसण्यावारी नेला, आणि त्याची गरज पडली तेव्हा एका अनोळखी मुसलमान चाचांनी तो मला परत आणून दिला. आणि मग ते पांढरं देऊळ डोळ्यांसमोर आलं, हात काढून ओरडणारी पोशी आली, आणि मी उठून पळालेच. चाचांना धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं.

ह्यांनी स्कूटर कशी चालवली देव जाणे. ओढ्याजवळ आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, कडुलिंबाच्या सावलीत, पोशी शहाण्यासारखी मांडी घालून बसली होती. हातात ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. दोन्ही पाय धुतलेले, आणि तळव्यांना हिरव्या लुगड्याची ओली पट्टी बांधलेली. मी धावत गेले आणि तिच्यासमोर गुडघ्यावर पडले. तिनं मला नीट बघून घेतलं, आणि म्हणाली, “लई उशीर केलीस, आई.”

मी रडले, हेही रडले. तिला आमचं रडणं समजेना. घास चावत तिनं सांगितलं की पाय पोळले तेव्हा एक आज्जी भेटली. तिनं पाय धुतले, भाकर दिली. “मी म्हणलं, माझी आई मला गुडीत बस म्हणली होती. तर आज्जी म्हणली, मग हितंच बस, ऊठू नको, तुझी आई येऊन राहिली.”

“कुठं हाय आज्जी?” ह्यांनी विचारलं. पोशीनं ओढ्याकडं बोट दाखवलं. तिथं कुणी नव्हतं. पलीकडं शेळ्या राखणाऱ्या बाईला विचारलं, “हितं हिरव्या लुगड्याची म्हातारी बघितली का?” ती म्हणाली, “न्हाई बा, मी तर दुपारधरनं हितंच हाय.” गाभाऱ्यात डोकावले, पिंडीवर सकाळचा बेल होता. आसपासच्या वस्त्यांवर नंतर कितीदा चौकशी केली. मण्यार चाचांचाही शोध घेतला. दोघंही आजवर सापडले नाहीत. मी यावर वाद घालत नाही. शेतात कामाला आलेली कुणी बाई असेल, शेळ्यांच्या नादात तिच्याकडं लक्ष गेलं नसेल. ती लुगड्याची पट्टी मात्र मी धुऊन देवघरात ठेवली आहे.

घरी आलो तर समितीच्या ताई ओट्यावर बसल्या होत्या. मी धपाट्यासकट सगळं सांगून टाकलं. बसस्टँडवर देवाला जे बोलून बसले होते, त्याला आता मागं घेणं बरोबर नव्हतं. म्हटलं, “तुम्हाला तिला न्यायचं असेल तर मी आडवी येणार न्हाई.” ताईंनी पोशीला जवळ बोलावून विचारलं, “कुठं राहायचं तुला?” पोशी म्हणाली, “आईला विचारा.” आणि माझ्या पदराला तोंड पुसून मोकळी झाली. त्यानंतर काही महिने घरी जास्त भेटी झाल्या, मला दोनदा नांदेडला समजुतीच्या बैठकीला बसवलं, ते योग्यच होतं. पोशी आमच्याकडेच राहिली. त्या दिवशी सूर्य बुडायच्या जरा आधी आम्ही दोघींनी मिळून गुढी उतरवली, आणि मातीत पडलेली गाठी मी धुऊन खाल्ली.

तिची जन्मदात्री कुठं आहे, हे अजून कळलेलं नाही. कागद चालू आहेत. ती उद्या दारात उभी राहिली तर काय, हा विचार मला पूर्वी झोपू द्यायचा नाही. आता देतो. पोर माझी की तिची, हे ठरवणारी मी नव्हेच. कुणीतरी तिला ‘बस, आई येते’ म्हणालं, आणि त्या शब्दाला खरं करायला त्या दिवशी मी हाताशी होते, एवढंच. पूजेत आता मी फारसं काही मागत नाही. बोलावलं की वेळेवर पोचू दे, एवढं म्हणते.

आता दर पाडव्याला गुढी उभारून झाली की आम्ही त्या देवळात जातो. पोशी तिसऱ्या पायरीवर बसते आणि मला रस्त्यापर्यंत जाऊन परत यायला लावते. हा तिचा नेम आहे, मोडू देत नाही. मी वळून येते तशी ती उठत नाही, नुसती बघत असते. जवळ गेले की विचारते, “आलीस?”

मी म्हणते, “आले.”

मगच ती उठते.