लाल कुठवर मारायचा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवायचे आणि घरी काहीही पाठवलं तरी ते कुठल्या ना कुठल्या पत्रकात गुंडाळलेलं असायचं. खजूर संयुक्त महाराष्ट्रात, चपला महागाईत, आईची औषधाची बाटली कामगारांच्या मागण्यांत. वस्तू ज्याची त्याला गेली की कागद माझा. परिणाम असा झाला की ताटात माशाची तुकडी लहान आली तरी मी आईपुढे उभी राहून निषेध नोंदवायचे. आई म्हणायची, "नोंदव, आणि मग ताट घासून ठेव."

मी एकोणीस वर्षांची असताना वडिलांनी रोलर पाठवला. मेंढीचं लोकरीसकट कातडं गुंडाळलेली नळी आणि तिला वाकडी मूठ. आमच्या खाडीकाठावर तोवर कोणी असली वस्तू पाहिली नव्हती. शेजारी एक कोळीण राहायची, तिला सगळे मावशी म्हणत. तिने तो हातात घेऊन फिरवला.

"ह्या लाटण्याचं काय करायचं गो? आमच्यात भाकरी थापतात."

"याने रंग लावतात मावशी. लाँचला लावणार आहे."

"लाँचला? मंग तुला नवरा तांडेलच बघायला पायजे."

लाँच चालवणारा तांडेल माझा मामाच होता. दिघीची मोठी लाँच वेगळी; आमची म्हणजे लढाई संपल्यावर मुंबईत भंगारात निघालेली लोखंडी होडी, तिला इंजिन बसवलेलं. या काठावरची माणसं, मासळीच्या टोपल्या आणि एखादी शेळी पलीकडच्या बाजाराला न्यायची. पावसाळ्यात तिला उधाणाच्या भरतीला वर ओढून ठेवत, वर नारळाच्या झापांचा मांडव घालत आणि नारळी पुनवेआधी रंगवत. त्या वर्षी मामाचा खांदा धरला होता आणि खलाशी भाताच्या बेणणीला गावी गेला होता. म्हणून रंगाचं काम माझ्याकडे आलं. मुलीने परकर खोचून लाँच रंगवावी का, यावर धक्क्यावर दोन दिवस चर्चा झाली. तेवढ्यात मी एक बाजू खरवडून काढली.

खरवडण्यात गंमत नाही. शिंपल्या, गंज, जुन्या रंगाचे पोपडे. सगळं डोक्यात आणि दातांत. पण शेंदरी अस्तर वाळल्यावर रोलर हातात घेतला आणि मला वाटलं, क्रांती झाली. ब्रशाने जिथे सकाळ जायची तिथे चहा निवायच्या आत रंग लागत होता. जोरात फिरवला की रंग उलटा तोंडावर उडतो, हे मात्र वडिलांनी कळवलं नव्हतं. आणि पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या मागे रोलर पोचत नाही. तिथे बोटाला फडकं गुंडाळून रंग चोपडावा लागे. संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आईने मला ओळखलं ते आवाजावरून.

लाँचचे मालक तिसऱ्या दिवशी आले. धोतराचा सोगा उचलून चिखलाच्या कडेला उभे राहिले.

इथे एक सांगायला हवं. पावसाआधी सरकारी साहेब लाँच तपासून गेले होते. लाँचच्या कुशीवर पुढे, मध्ये आणि मागे त्यांनी छिन्नीने खुणा करून घेतल्या होत्या. माणसं भरल्यावर पाणी इथवर चढू द्यायचं, त्याच्या वर नाही. त्या खुणांवरून पांढरी रेघ ओढायची. हुकूम नुसता कागदावरचा नव्हता. आदल्या हंगामात खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राची लाट आडवी येते, तिथे पाणी लाँचच्या काठावरून आत आलं होतं आणि बायकांनी डब्या-लोट्यांनी ते उपसलं होतं. तेव्हापासून मामा जास्तीची माणसं परत पाठवू लागला. मालकांनी त्याला बजावलं होतं, गिऱ्हाईक परत पाठवणारा तांडेल मला नको, दुसरे पुष्कळ आहेत.

"तांडेल," मालक म्हणाले, "रेघ वीतभर वर घ्या."

मामा खांदा चोळत राहिला.

"साहेबांची खूण खाली आहे," मी म्हटलं.

"खुणेवर रंग बसला की खूण कुठे राहते? साहेब आता पुढल्या वर्षी."

मालक जरा लांब गेल्यावर मी मामाला म्हटलं, "मी नाही मारणार. हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे."

"मंग मी मारतो. तुझ्या तत्त्वावर माझी चूल पेटत न्हाय, बाय."

हे उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हतं. मामाला पाच पोरं होती. मी रंगाचे डबे बघू लागले. मालकांनी वरच्या भागासाठी निळा भरपूर आणला होता, खालच्यासाठी लाल मात्र हात राखून. मी डबा हलवला आणि सगळा डाव एकदम दिसला.

"मालक," मी हाक मारली, "खाली लाल, वर निळा. लाल कुठवर मारायचा?"

"कुठवर म्हणजे? पुरेल तितका मार."

"आणि रेघ वीतभर वर, निळ्यात?"

"शाबास. मुलगी ऐकणारी आहे, तांडेल."

दुपारी मामा मांडवाखाली घोरत होता. मी तिन्ही खुणांवरून सुतळी ताणली, गेरू लावून टणकन उडवली, आणि लाल बरोबर तिथवर आणला, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. कडा ब्रशाने मारली, कारण सरळ कडा हे रोलरचं काम नव्हे. त्याच्यावर निळा. आणि निळ्यात वीतभर वर मालकांची पांढरी रेघ, ठळक, देखणी, कोणालाही आवडेल अशी.

मग मी मावशीकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं; लाल ओळखता येत होता.

"लाँच भरली की वाकून बघायचं," मी सांगितलं. "पाण्यावर लाल दिसतोय तोवर बसायचं. लाल बुडाला की उतरायचं."

"आन् ती पांढरी रेघ?"

"ती मालकांची."

मावशीने तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "कोणाकोणाला सांगू?"

"सगळ्यांना. मामाला नको."

दर्याला नारळ वाहिल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला लाँच निघाली. झेंडूची माळ, इंजिनाला कुंकू. मालक स्वतः बाजाराला यायचे होते. सोबत तांदळाची दोन पोती, आणि सगळ्यांत चांगल्या जागी ते. माणसं चढली, टोपल्या चढल्या. मामाने धक्क्यावरच्या गर्दीकडे पाहिलं, मग मालकांकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मालक कठड्यावरून वाकून म्हणाले, "रेघ अजून केवढी वर आहे. येऊ द्या, येऊ द्या."

"लाल बुडाला गो!" मावशी ओरडली.

एका क्षणात बायका उठल्या. टोपल्या डोक्यावर, पाय फळीवर. त्यांच्या मागे पुरुषही, कारण बायका उतरताहेत आणि आपण बसलोय हे कोणालाच बरं दिसेना.

"अरे काय झालं? रेघ बघा, रेघ!" मालक.

"ती तुमची हाय, मालक. आमाला लाल दिसाया पायजे."

"तांडेल! हे काय आहे?"

मामाने हात जोडले. त्याचा चेहरा इतका निष्पाप होता, की मी त्याला सांगितलं नव्हतं याचा मला अभिमान वाटला. "मी कुणालाच न्हाय म्हटलं न्हाय, मालक. तुमच्यासमोर."

मावशी धक्क्यावर बसून पाणी बघत होती, जणू सरकारने तिला नेमलं होतं. "अजून न्हाय दिसत. पुढं दिसतोय, मागं न्हाय."

मागे मालक होते, आणि त्यांची पोती.

सगळे मालकांकडे बघू लागले. शेवटी एक म्हातारा आगरी, जो आधीच उतरून विडी पेटवून बसला होता, म्हणाला, "मालक, पोती बाजारात इकायची असतील तर ऱ्हाऊ द्या. तुमी कुठं इकायचे हाव?"

मालक हसण्यात सामील झाल्यासारखं करत उतरले. लाल वर आला, बारीक पट्टी, पण आला. मामाने दोरी सोडली. मी पुढे नाळेच्या टोकाला बसले होते. अर्ध्या खाडीत गेल्यावर मामा माझ्याजवळ आला.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

"माझी तांडेलकी गेली तर?"

"काय म्हणून काढतील? रेघ त्यांनी सांगितली तिथेच आहे."

तो वाकून कुशीकडे बघत म्हणाला, "रिबिटांच्या मागं रंग नीट न्हाय बसला," आणि सुकाणूकडे गेला.

दुसऱ्या खेपेपर्यंत वारा वाढला होता. खाडीच्या तोंडाशी पांढरे फेस दिसू लागले होते. धक्क्यावर गर्दी तशीच होती, आणि मालकांना आता बाजार गाठायलाच हवा होता. मामाला त्यांनी काही म्हटलं नाही. सोगा एका हातात धरून, दुसरा हात मावशीच्या टोपलीवर टेकवून, ते भरलेल्या लाँचवर चढण्याआधी खूप वेळ वाकून पाण्यावरच्या लाल पट्टीकडे बघत राहिले.

"दोघं अजून उतरवा," ते म्हणाले.