वहिनींची अर्धी चित्रं

अर्धं चित्र काढण्यात आमच्या वहिनींचा हात धरणारं माणूस त्या काळी नाशकात तरी कोणी नव्हतं. हे विधान मी जबाबदारीने करतो. तिसाव्या सालानंतरची काही वर्षं मी तिथल्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि चुलतभावाच्या बिऱ्हाडी राहत होतो. भावाला मी दादा म्हणत असे. तो कोर्टात कारकून होता. घरात दादा, त्याची आई म्हणजे माझ्या काकू, वहिनी आणि त्यांची तीन मुलं: शाळेत जाणारी कुसुम, शाळा चुकवणारा वसंता आणि जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहणारी छबी. या घरात मी शेंडीपर्यंत न पोचलेला नारळ पाहिला, मागचे पाय यायचे राहिलेली गाय पाहिली, आणि खाली डोकं नसलेलं एक फार सुंदर पागोटं पाहिलं. एकदा पाटीवर रामकुंडाच्या पायऱ्या उतरत होत्या. त्या पाण्याला लागण्याआधीच वसंताला शाळेसाठी पाटी हवी झाली, आणि मास्तरांनी त्या पायऱ्यांवर बेरजा घातल्या.

वहिनी धुळ्याच्या. वडील शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. लग्नाआधी वहिनींनी चित्रकलेची पहिली परीक्षाही दिली होती आणि सासरी येताना ट्रंकेतून रंगांची पत्र्याची पेटी आणली होती. पण एकामागून एक मुलं झाली, रंगांच्या वड्या वाळून त्यांना भेगा पडल्या, आणि पेटी रिकामी दिसते म्हणून काकूंनी तिच्यात लवंगा-वेलदोडे ठेवायला सुरुवात केली. त्यानंतर कैक वर्षं त्या पेटीला मसालेभाताचा वास येत होता.

पुन्हा सुरुवात झाली ती छबीमुळे. ओल्या हळदीत हात घालून तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंजे उमटवले. काकू पंचवटीत कीर्तनाला गेल्या होत्या आणि यायची वेळ झाली होती. वहिनींनी पुसायला घेतलं तर डाग परातीएवढा झाला. तेव्हा त्यांनी त्यात कपड्यांची नीळ मिसळली, चुलीतला कोळसा उचलला आणि डागाचा पोपट केला. शेपटी काढायच्या वेळी दूध उतू गेलं, म्हणून ती राहिली. काकू आल्या, भिंतीसमोर थांबल्या.

"हा काल होता का गं इथे?"

"नीट आठवत नाही," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरातली एकही वस्तू आपल्या मूळ कामाला सुरक्षित राहिली नाही. नीळ धोब्याला कमी पडू लागली. गेरू कुंडीच्या वाट्याला येईना. कुंचला विकत आणायचा तर दादाला सांगावं लागणार, म्हणून कुसुमच्या वेणीचं टोक कापून ते बोरूच्या नळीत बसवलं जाई; ती वेणी वाढत का नाही याचं काकूंना कोडं पडे आणि त्या माक्याचं तेल दुप्पट लावत. कागद मी पुरवत असे. छापखान्यातल्या वापरलेल्या प्रुफांची मागची बाजू कोरी असते, त्यामुळे वहिनींच्या पुष्कळशा देखाव्यांच्या पाठीशी म्युनिसिपालिटीच्या सभेचा वृत्तांत असे. मुलांकडे त्यांचं दुर्लक्ष होतं असं म्हणणं मात्र खरं नाही. त्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधून चित्र काढत. प्रत्येक झोक्याला हात थोडा हले, म्हणून त्यांच्या चित्रांतली सगळी झाडं एकाच बाजूला कललेली असत. दादाने एकदा विचारलं, "धुळ्याला वारा फार का?"

त्यांची नजरही रंगात बिघडली होती. भाजीवालीकडून भरताचं म्हणून घेतलेलं वांगं त्या खिडकीत ठेवत आणि आम्ही कोरडी भाकरी चावत ते सुरकुतताना पाहत असू. सराफ बाजारातून जाताना दादा रिवाजाप्रमाणे पुढे चाले, वहिनी मागून. एकदा तो महागाईवर बराच वेळ बोलत गेला आणि उत्तर येईना म्हणून वळून पाहतो तो मागे एक म्हैस. वहिनी तांबट आळीच्या तोंडाशी उभ्या होत्या, एका घंगाळावर ऊन कसं पडलंय ते बघत. माणसांनाही त्या घंगाळासारखंच बघत. मला एकदा सकाळी म्हणाल्या, "भाऊजी, आज तुमच्या कानांमागे हिरवट दिसतंय."

"तुम्हीच रंगवलं असेल झोपेत."

"चेष्टा नको. ताप येणार तुम्हाला."

मी कचेरीत गेलो आणि संध्याकाळी टांग्यातून हुडहुडत परत आलो. पांघरुणं घालताना त्यांनी काळजी केलीच, पण आधी कान बघून घेतले.

काकूंना हे सगळं सहन होत नसे. त्या वाईट नव्हत्या. घर कसं चालवावं याबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. "पोरं उघडीनागडी, दूध चुलीत, आणि ही बघा भोपळ्याचं तोंड न्याहाळत बसलीय," असं त्या ओसरीवरून बोलत आणि लगेच एखाद्या मुलाला वहिनींकडे धाडून देत. मुलगा येई, कुंचला खाली ठेवला जाई, आणि चित्र तिथेच थांबे. वहिनी उलटून बोलत नसत. फक्त एकदा, नदी आली पण पूल यायचा राहिला तेव्हा, त्या मला म्हणाल्या, "एकदा एक चित्र पुरं व्हायला हवं हो, भाऊजी. चांगलं नाही झालं तरी चालेल. पण खाली रेघ ओढून 'झालं' म्हणता आलं पाहिजे. नाहीतर मला येतं की नाही हेच मला कळणार नाही." एवढं एकच मागणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

पुढे श्रावण आला. श्रावणात घरोघर देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. वर नृसिंह, मग कालियावरचा कृष्ण, मध्ये मुलांना मांडीवर घेतलेली जिवती, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. दर शुक्रवारी आई तिची पूजा करते, मुलांना ओवाळते, सवाष्ण जेवायला येते. महिना संपला की कागद नदीत सोडायचा. काकूंनी छापील कागद आणून ठेवला होता. पहिल्या शुक्रवारच्या आदल्या सकाळी छबीने तो खाल्ला. सगळा नव्हे. नृसिंह आणि हत्तीचा बराच भाग तिच्या हातात सापडला. जिवती पोटात गेली होती.

काकू मटकन खाली बसल्या. मुलांना जपणारी देवता मुलानेच खाल्लेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. मी रविवार कारंजापासून सराफ बाजारापर्यंत दुकानं पालथी घातली. सगळ्यांचं एकच उत्तर: संपले, पुढच्या आठवड्यात येतील.

मी हात हलवत परत आलो तेव्हा वहिनी हलकेच म्हणाल्या, "सासूबाई, मी काढू?"

काकूंनी त्यांच्याकडे, मग भिंतीवरच्या बिनशेपटीच्या पोपटाकडे पाहिलं. "देव अर्धा चालणार नाही."

"नाही ठेवणार."

"आणि केसांनी देव रंगवायचा नाही. सोवळ्यात काढायचा." म्हणजे कुंचल्याचं त्यांना ठाऊक होतं तर. कुसुमने वेणी दोन्ही हातांनी धरली. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि देवघरातली दर्भाची जुडी उचलली, एक काडी ठेचून तिचं टोक मऊ केलं. दर्भापेक्षा शुद्ध काय असणार? मी छापखान्यातून दोन्ही बाजूंनी कोरा असा कागद आणला. संपादकांकडून तो मिळवणं हा माझ्या तिथल्या कारकिर्दीतला मोठा विजय होता.

मग अघटित घडलं. काकू पदर खोचून म्हणाल्या, "हे देवाचं काम आहे. आज तू चुलीपाशी यायचं नाही. पोरं माझ्याकडे."

त्या दुपारी वहिनींकडे बोलावल्याशिवाय कोणी गेलं नाही. काकू माजघराच्या दारात पोलिसासारख्या उभ्या होत्या. वसंताने त्यांना चुकवून जाण्याचे सगळे मार्ग तपासले. छबीने काकूंची जपमाळ चाखली. भात करपला, आणि तो करपल्याबद्दल बोलायला त्या घरात पहिल्यांदाच कोणी नव्हतं, कारण बोलणाऱ्याच भात करत होत्या. मध्येच आतून हाक येई, "छबीला पाठवा," की काकू तिचं नाक पुसून तिला आत पोचवत आणि बाहेर थांबत. हत्तीसाठी कोणाला बोलावलं नाही. वाघासाठी गल्लीतल्या मांजराला दूध दाखवून आणलं, कारण वहिनींचं म्हणणं, मांजर निदान बसून तरी राहतं.

दिवेलागणीला दार उघडलं. वहिनींच्या कपाळावर नीळ होती. "झालं," त्या म्हणाल्या, आणि आपल्याच शब्दाने दचकल्यासारख्या झाल्या.

आम्ही सगळे आत गेलो. हळद, कुंकू, नीळ, काजळ आणि गेरू एवढ्यातून उभी राहिलेली ती जिवती मी अजून डोळ्यांपुढे आणू शकतो. छापील कागदावरची देवी फोटो काढायला बसल्यासारखी असते. ही तशी नव्हती. मांडीवर छबी, पाठीशी कुसुम, पदर ओढणारा वसंता. अंबाडा सुटायला आलेला. एक हात मुलाला थोपटणारा आणि नजर दुसऱ्याच मुलावर. झाड एकही कललेलं नव्हतं.

"हे मांजर कशाला?" काकूंनी खाली बोट दाखवलं.

"तो वाघ आहे."

"असेल." काकू कागदाजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "देवी दमलेली दिसते गं."

"तीन मुलं आहेत तिला," वहिनी म्हणाल्या.

दादा खोकला. मी वसंताच्या टोपीकडे पाहू लागलो. काकूंनी कागदाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि उठता उठता म्हणाल्या, "मला चार होती." त्यांच्या चारांतला दादा एकटाच वाचला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी काकूंनी वहिनींना पाट मांडून आधी वाढलं.

महिनाभर शुक्रवारी येणाऱ्या सवाष्णी पुरणपोळीआधी कागद बघत. कोणी म्हणे वसंता अगदी तोच, कोणी म्हणे मांजर छान आलंय. वहिनी वाढताना जाता-येता भिंतीकडे एक नजर टाकत. आपलं चित्र अजून पुरंच आहे ना, हे तपासत असाव्यात.

श्रावण संपला. कागद सोडायचा दिवस आला आणि मला राहवेना. मी म्हटलं, हा ठेवू या. दादाने मान डोलावली. आमची सगळी तयारी काकूंशी वाद घालण्याची होती. पण काकूच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "राहू दे की. चांगला आहे. पुढच्या वर्षी हाच पुजू. कोणी विचारलं तर मी आहे."

आमच्या घराण्यात हा शब्द म्हणजे सनद होती. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग त्या मनाशी कसलासा हिशेब करू लागल्या.

"नको, सासूबाई. सोडायलाच हवा."

"अगं, मी म्हणतेय ना!"

"हा राहिला तर पुढच्या श्रावणात नवा काढायला कशाला लागेल?" वहिनी म्हणाल्या. "आणि काढायचा नसला तर मला ती दुपार कोण देईल?"

मग काकूंनी स्वतःच कागद भिंतीवरून उतरवला, फाटू न देता.

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. आम्ही गंगेवर गेलो. पाणी गढूळ होतं, घाटाच्या बऱ्याच पायऱ्या बुडाल्या होत्या. वहिनींनी कागद दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. हळद आधी सुटली, मग कुंकू. निळा कृष्ण थोडा वेळ टिकला. वहिनी वाकून ते इतकं लक्ष देऊन बघत होत्या की छबी पायरीवरून खाली निघाली ते मलाच पाहावं लागलं.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं तर," त्या म्हणाल्या. "पुरं झालेलं होतं ना ते."

आणि पदर सावरून उठल्या, कारण घरी डाळ भिजत घातली होती.

पुढे मी नोकरीसाठी मुंबईला गेलो, पण जमेल त्या श्रावणात एखादा शुक्रवार गाठून नाशकाला येत असे. दरवर्षी नवा कागद असे आणि दरवर्षी त्यातली मुलं वर्षाने मोठी झालेली असत. छबीचे पाय देवीच्या मांडीवरून लोंबू लागले. वाघ हळूहळू वाघ होत गेला. युद्ध सुरू व्हायच्या सुमाराचा एक कागद मी पाहिला, तो माझ्या पाहण्यातला शेवटचा. कुसुम साडीत, एका बाजूला. वसंता दुसरीकडे, जायची घाई असल्यासारखा. छबी देवीच्या खांद्याला टेकून उभी. रंग आता दुकानातले होते, हातही सरावला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. जिवतीचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मांडी रिकामी होती.

"इथे कोणी नाही काढलं?" मी विचारलं.

वहिनी निरांजनात वात घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बसायला कोणी तयार होईना, भाऊजी."