माझ्या हातची चिमूट

मी शिकवायचो त्या ज्युनिअर कॉलेजातले जीवशास्त्राचे सर भेटल्यावर नमस्कार करत नसत. म्हणत, "आ कर. तीन बोटं उभी घाल. जातात?" एकदा प्राचार्यांनाही त्यांनी स्टाफरूममध्ये आ करायला लावला. तेव्हापासून ते 'तीनबोटे सर' झाले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र दोनच बोटं जात. वर्षानुवर्षं चघळलेल्या तंबाखूच्या खर्र्यातल्या सुपारीनं गाल आतून आवळत आणले होते. सक्करदऱ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, "आता सोडा, नाहीतर पोळीला मुकाल." सरांनी त्याच दिवशी सोडला.

पंचाईत झाली माझी. खर्रा हे एकट्याचं काम नाही. एकानं प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू, सुपारी, चुना घोटायचा, दुसऱ्यानं "अजून घोट गा" म्हणायचं, आणि समोर धरलेली चिमूट कुणी नाकारायची नाही, हा आमचा धर्म. मला माझा जोडीदार परत हवा होता.

"काहून इतका जीव मारता सर?" मी विचारलं.

"ऐक. मेंदूत पाट मांडून ठेवले हायेत समज. मान दुसऱ्या पाहुण्याचा. हे निकोटीन बिनबोलावता येते अन् थेट पाटावर बसते. आतल्या स्वयंपाकघराले वाटते, पाहुणे आले! सुटली डोपामिनची जिलबी. पाहुणा रोज येते म्हणून मेंदू पाट वाढवत जाते. मग ज्या दिवशी खर्रा नाही, त्या दिवशी सारे पाट रिकामे. ताटं वाजून राहतात. त्याले म्हणतात तलफ."

"मग?"

"मग काही नाही. वाजू द्याचे. महिने लागतात, पण मेंदू पाट उचलून ठेवते."

मला हे इतकं पटलं, की विचार करायला म्हणून मी लगेच एक खर्रा घोटला.

सरांचे तीन महिने पार पडले. मग माझ्या मुलीचा साखरपुडा आला, प्रताप नगरच्या हॉलमध्ये. जेवणं झाल्यावर मी चौघांदेखत त्यांच्यापुढे पन्नी धरली.

"सर, आज पोरीचा दिवस हाये. नाही म्हणाल तर मले वाईट वाटन."

"पाट अजून उचलले नाहीत गा," ते हळूच म्हणाले.

"एका चिमटीनं काय होते?"

आयुष्यभर इतिहास शिकवलेला मी, जीवशास्त्राच्या माणसाला हे सांगत होतो! बाकीचे हसले, "घ्या ना सर, भाव काहून खाता?" त्यांनी घेतली. डोळे मिटले. चेहऱ्यावर असा काही निवांतपणा पसरला, की लढाई जिंकल्यासारखी मी टाळी वाजवली.

सोमवारी ते माझ्याआधी पानठेल्यावर हजर होते.

वर्षभरात गालाचं ऑपरेशन झालं. बोलणं अस्पष्ट झालं, तेव्हा शिकवणं सुटलं. मी घरी भेटायला गेलो. वहिनी त्यांना चमच्यानं मुगाचं पाणी पाजत होत्या.

"भाऊजी, तुमचंच ऐकतात ते. तुम्ही समजवा," त्या म्हणाल्या. "चांगला सुटला होता. तुमच्या पोरीच्या साखरपुड्यात कोन्या मुडद्यानं यांना खर्रा चारला, सांगतच नाहीत. विचारलं की म्हणतात, मीच नेला होता खिशात."

सर माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत राहिले. खरं सांगायला माझ्यासाठी त्यांनी मोकळी सोडलेली जागा होती ती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"काय एकेक लोक असतात, वहिनी!"

वहिनींनी मान हलवली, डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.